होकार देणारी गाडी

गाडी हलली आणि आवारातल्या चाळीसएक माणसांनी एकदम श्वास रोखून धरला. हलली म्हणजे पुढेमागे गेली नाही. चाकं होती तिथेच होती. पण बोनेट थडथडलं, आरसे थरथरले, मागच्या काचेजवळची प्लॅस्टिकची मांजर मान डोलवू लागली आणि पुढच्या नंबरपाटीनं तर अक्षरशः दात वाजवायला घेतले. बावीस वर्षांची जुनी, फिकट निळी गाडी. इंजिन चालू होतं, पण ड्रायव्हरच्या जागेवर कोणीही नव्हतं, आणि ती जागा रिकामी असणं हाच सगळ्या चमत्काराचा गाभा होता.

शेजारच्या सीटवर दुभाषी बसला होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट, डोळे मिटलेले. एक हात हवेत, आणि दुसरा डॅशबोर्डच्या मधोमध टेकवून ठेवलेल्या एका तसबिरीवर, अगदी आदरानं.

"होकार आला," तो म्हणाला.

प्रश्न तळमजल्यावरच्या शिंप्याचा होता. हरवलेली मोठी कात्री घरातच आहे का? ती घरातच असणार हे कुणीही सांगितलं असतं, कारण बाहेर नेण्याचं कुणालाच कारण नव्हतं. पण गाडीनं सांगितल्यावर शिंप्याचे डोळे भरून आले. त्यानं लगबगीनं वाकून गाडीच्या पोटाखाली बाटली धरली. तिथून थेंब थेंब पाणी गळत होतं, आणि ते पाणी म्हणजे दिवंगताचे अश्रू, हे एव्हाना आवारात सगळ्यांना पाठ होतं. बाटल्यांची रांगच लागली होती.

फाटकाशी उभी असलेली मावशी हे सगळं बघत होती. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेली काचेची बरणी. ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मदतनीस होती आणि तिथल्या पोरांनी दिलेलं मावशी हे नाव निवृत्तीनंतरही तिला चिकटून राहिलं होतं. विज्ञान शिकवायचे सर आणि बाई. प्रयोग यशस्वी करायची ती. वर्गाला ज्याचं आश्चर्य वाटायचं ते तिनं आदल्या तासाला मांडून ठेवलेलं असायचं. त्यामुळे कुठंही आश्चर्य दिसलं की ते कोणी मांडलं, हा प्रश्न तिला सर्वांत आधी पडायचा.

पण आत्ता तिला पडलेला प्रश्न वेगळाच होता. मागच्या सीटवर, काळा चष्मा लावून, हसऱ्या चेहऱ्यानं बसलेली बाई तिची सख्खी थोरली बहीण होती. आठ महिन्यांपूर्वी भावजी गेले तेव्हापासून ताई हसली नव्हती. आज ती हसत होती, आणि मावशीला त्याचा आनंद मानावा की धसका घ्यावा ते कळेना.

"धाकटे, आलीस?" आवाज ओळखून ताई म्हणाली. "ये, बस माझ्याजवळ. हे आलेत."

मावशी बसली नाही. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, तेव्हा दुभाष्यानं डोळे उघडून तिचं स्वागत केलं. आपण बाबा नाही, बुवा नाही, आपल्याला दिव्य असं काही येत नाही, हे त्यानं हात जोडून सांगितलं. तिकडच्यांची भाषा कंपनांची, इकडच्यांची शब्दांची, आणि आपण मधला साधा दुभाषी. विश्वातली प्रत्येक वस्तू कंप पावते, हे आता शास्त्रज्ञांनीही कबूल केलंय.

"कोणत्या?" मावशीनं विचारलं.

"सगळ्याच," दुभाषी म्हणाला.

गर्दीला हे उत्तर फार आवडलं. मावशीनं मग भावजींना एक प्रश्न विचारायची परवानगी मागितली. ती मिळाल्यावर तिनं रिकाम्या सीटकडे बघून विचारलं, की मागच्या वेळी नेलेली तुमची छत्री मी परत केली होती ना? दुभाष्यानं तसबिरीला हात लावला, क्षणभर थांबला, आणि गाडी गदगदा हलली. होकार. मावशीनं जाहीर केलं की भावजींनी जन्मात छत्री वापरली नव्हती. पावसात भिजणं त्यांना परवडायचं, छत्री सांभाळणं नाही. आता हा पळून जाईल, असं तिला वाटलं होतं. दुभाषी जागचा हललासुद्धा नाही. तिकडून येतं ते प्रतीकात येतं, तो मायेनं म्हणाला, छत्री म्हणजे बहिणीबहिणींतलं प्रेम, आणि ते तुम्ही परत केलंत. बायकांनी डोळे पुसले. शिंप्यानं मावशीच्या पाठीवर थोपटलं.

मावशीचा पारा चढला. कुणीतरी खाली पडून गाडी हलवत असणार, असं वाटून ती सरळ जमिनीवर आडवी झाली आणि गाडीखाली डोकं घालून बघितलं. खाली कोणी नव्हतं. ती बाहेर आली ती नाकाच्या शेंड्यावर काळ्या तेलाचा ठिपका घेऊन, आणि चाळीस माणसं तिला हसली. पण खाली असताना ते अश्रू तिच्या मनगटावर पडले होते. पाणी स्वच्छ होतं आणि चांगलंच गार होतं. तापलेल्या इंजिनाच्या शेजारून गार पाणी गळतं कसं, हे तिनं डोक्यात एका कोपऱ्यात ठेवून दिलं.

वर स्वयंपाकघरात ताईनं स्वतः चहा केला. ती मावशीला करू देत नव्हती, म्हणून मावशी बघत राहिली. ताईनं चवीनं दोन चमचे मीठ घातलं, ढवळलं आणि कप पुढे केला. तिच्या उजव्या हातावर वाफेनं भाजल्याचा ताजा डाग होता. एक डोळा लहानपणापासून अधू. ज्याच्या जोरावर ती आयुष्यभर बघत आली त्या दुसऱ्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला. गुरुवारी सकाळी शस्त्रक्रिया होती आणि तिच्यासाठीच मावशी आली होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की आता आणखी थांबलात तर आतला दाब वाढेल, आणि त्यानं गेलेली नजर कुणालाही परत आणता येणार नाही.

"गुरुवारचं रद्द करायचंय," ताई म्हणाली. "यांना विचारलं. गाडी हललीच नाही. म्हणजे नको."

मावशीनं खारट चहाचा घोट गिळला. तो गिळल्यामुळे तिला ताबडतोब ओरडता आलं नाही, आणि तेच बरं झालं. तिनं हळूहळू सगळं काढून घेतलं. दुभाषी हा गल्लीतलाच गाडी शिकवणारा मास्तर. भावजी गेल्यावर गाडी तशीच उभी होती; बॅटरी उतरेल, मी रोज जरा चालू करून देतो, असं तो चांगुलपणानं म्हणाला. पहिल्या दिवशी ताई मागे बसली होती. गाडी चालू झाली, थरथरली, आणि ताईच्या तोंडून निघून गेलं, की अगदी असेच हे पाय हलवायचे. भावजींना ती सवयच होती. कुठं थांबावं लागलं की त्यांचा गुडघा शिलाई मशीनसारखा सुरू व्हायचा. मास्तर गप्प झाला होता, ताईनं सांगितलं, बराच वेळ गप्प झाला होता. मग म्हणाला, काकू, मला वाटतं ते काहीतरी सांगतायत.

"आणि हे आले ना, की पुढून गार झुळूक येते," ताई म्हणाली. "अंगावर काटा येतो माझ्या."

आता बुधवारी शेवटची मोठी बैठक होती. गाडी एका घरापुरती ठेवणं बरोबर आहे, की ती दुभाष्याच्या हवाली करून सर्वांच्या सेवेला लावावी, हा प्रश्न विचारायचा होता. गाडी काय उत्तर देणार ते मावशीला आत्ताच ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, ताई पडली असताना मावशी किल्ली घेऊन खाली गेली. ती दुभाष्याच्या सीटवर बसली आणि त्याच्यासारखे डोळे मिटले. डोळे मिटून काही समजेना म्हणून उघडले. समोर भावजींची तसबीर. डॅशबोर्डवर सपाट जागा भरपूर असताना ती खाली, रेडिओच्या खालच्या बटणांवर तिरकी टेकवलेली. मावशीनं दुभाष्याच्याच आदरानं तिच्यावर बोटं ठेवली आणि किंचित दाबली. मागं काहीतरी टक् झालं.

तसबीर उचलली तर मागं एसीचं बटण होतं, आणि हवेचा पंखा एकवर लावून ठेवलेला होता.

तिनं हात लांबवून किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. गाडी जरा कुरकुरत, थोडी कापत उभी राहिली. तिनं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, गार झुळूक तिच्या तोंडावर आली, आणि गाडीनं असा काही होकार दिला की तिच्या चष्म्याचा दांडा कानावरून सुटला. बटण बंद, गाडी शांत. बटण चालू, मांजरीची मान, आरसे, नंबरपाटी, सगळी मंडळी हजर. मावशी एकटीच हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं भावजींना विचारलं की मी सुंदर आहे का, आणि स्वतःच बटण दाबून होकार मिळवला.

हसून झाल्यावर तिला उरलेलं अर्धं कोडं आठवलं. एसी लावल्यावर इंजिनावर भार पडतो, ते जरा अडखळतं, हे समजलं. पण म्हणून अख्खी गाडी अशी नाचत नाही. पुढच्या कप्प्यात भावजींची गाडीची वही होती. तेल कधी बदललं, हवा कधी भरली, सगळं त्यांच्या बारीक, टोकदार अक्षरात. शेवटची नोंद त्यांच्या जाण्याच्या दोन महिने आधीची होती. 'इंजिनाचं माउंटिंग फाटलं आहे. म्हणून थरथर. नवीन आणलं, डिकीत आहे. गुडघा बरा झाला की बसवीन.'

डिकीत, स्टेपनीच्या मागे, खोकं होतं. आत दोन लोखंडी पट्ट्यांच्या मधे घट्ट बसवलेला कोराकरकरीत रबराचा ठोकळा. मावशी तो मांडीवर घेऊन थोडा वेळ तशीच बसली. आता तिला हसू येत नव्हतं.

तिनं वर जाऊन ताईला सगळं सांगितलं. बटण, दिवा, पंखा, पाणी. सरळ आणि भराभर सांगितलं, आणि तिथेच चुकली. ताईचा चेहरा मिटला. ती शांतपणे म्हणाली, "फोनलाही बटण असतं. म्हणून पलीकडे बोलणारा माणूस खोटा असतो का?"

एकतीस वर्षांत मावशीला इतका अडचणीचा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ती खुर्चीत बसली. तुला दिसतं म्हणून तू माझं सगळं खोटं ठरवणार, असं ताई पुढे म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. आठ महिन्यांनी कुणीतरी तिला सांगितलं होतं की ते इथेच आहेत. ते मावशी एका बटणानं काढून घ्यायला निघाली होती.

शेवटी मावशीनं वही उघडली आणि नोंद तेवढी वाचून दाखवली. ताईनं वही मागून घेतली, दिसत नसताना तिच्या पानावरून बोट फिरवलं.

"यांनी लिहिलंय? बसवीन म्हणून?"

"हो. ताई, एक करून बघू. हा रबर आपण बसवू. भावजी जर खरंच गाडीत असतील तर नव्या रबरानं त्यांना काय फरक पडणार? बुधवारी बघू सगळ्यांसमोर. हलली तर मी गुरुवारचं नाव काढणार नाही."

प्रयोग म्हटला की तो उलटण्याचीही तयारी ठेवावी लागते, हे ती पोरांना सांगायची. पण तेव्हा पणाला बहिणीचा डोळा लागलेला नसायचा.

ताईनं विचार केला. "रबरानं अडतील असे हे नव्हते," ती म्हणाली. "बसव."

मंगळवारी सकाळी दोघी गाडीपाशी गेल्या. मावशीनं बाह्या सरसावल्या, बोनेट उघडलं आणि आतल्या नळ्यांच्या गुंत्याकडे बघून तिचं अवसान गळालं. तिनं आयुष्यात चंचुपात्रं धुतली होती, इंजिन उघडलं नव्हतं. ताई मात्र हत्यारांची पेटी जवळ ओढून स्टुलावर बसली आणि पेटीत हात घालताच तिचं रूपच पालटलं. बावीस वर्षं दर सुट्टीच्या दिवशी भावजी गाडीखाली आणि ताई पेटीशी, अशी या घराची रीत होती. त्यांनी नुसता हात बाहेर काढायचा आणि तिनं त्यात पाना ठेवायचा. कोणता पाना कितीचा हे ती बोटांनी वाचायची; डोळ्यांची तिला तिथे कधीच गरज पडली नव्हती.

"आधी बॅटरीची काळी वायर काढ," ताई म्हणाली. "दहाचा पाना. हा घे. आता खालून जॅक लाव, इंजिनाला टेकू द्यायचा. अगं, फळी ठेव मधे. तेलाचं भांडं चेपेल. हे एकदा विसरले होते, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जसं काही मीच चेपलं."

मावशीनं फळी ठेवली, जॅकचा दांडा फिरवला, आणि इंजिन केसभर वर आलं. माउंटिंग चाकाच्या बाजूला, वरून हात पोचेल असं होतं. चौदाचा पाना मागितला तर ताईनं सतराचा दिला. मावशीनं चूक काढली, सतराचाच बसला, आणि ताई विजयी मुद्रेनं आकाशाकडे बघत राहिली. एक बोल्ट हालेना. मावशी त्याच्यावर लटकली, त्याला नाही नाही ते बोलली, शाळेत पोरांना कधी बोलू दिलं नसतं असलं बोलली. ताईनं त्यावर तेल सोडायला लावलं आणि तेल मुरेपर्यंत वर चहाला चल म्हणाली. या वेळी साखर मावशीनं घातली. परत आल्यावर तो बोल्ट कुरकुरत सुटला, आणि दोघी शाळकरी मुलींसारख्या टाळ्या देऊन हसल्या.

जुना ठोकळा बाहेर आला तेव्हा त्याचे दोन तुकडे मावशीच्या हातात आले. रबर मधोमध फाटला होता, लोखंड लोखंडावर घासून चकचकीत झालं होतं. मावशीनं तो ताईच्या हातात दिला. ताईनं फाटक्या कडेवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"किती दिवसांपूर्वी फाटला असेल?"

"घासलाय बघ किती. दोन-अडीच वर्षं तरी."

"म्हणजे हे होते तेव्हाही गाडी हलत होती." ताई थांबली. "सिग्नलला मी यांना ओरडायचे, की पाय हलवू नका. हे म्हणायचे, मी नाही हलवत, गाडी हलतेय. मला वाटायचं, थापा मारतात."

ताईच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्याच वेळी ती हसतही होती, कारण नवरा खरं बोलत होता हे तिला इतक्या उशिरा कळलं होतं. मग तिनं डोळे पुसले आणि नवा ठोकळा बसवताना बोल्ट आधी हातानंच फिरवून घे, जॅक उतरव आणि मगच आवळ, अशी तंबी दिली. मावशीनं तसंच केलं.

गाडी चालू करून बघू का, असं मावशीनं विचारलं. ताई नको म्हणाली. उद्या, सगळ्यांसमोर.

बुधवारी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक गॅलऱ्यांत उभे होते, शिंपी तर बाटलीऐवजी कॅन घेऊन आला होता. दुभाषी पांढऱ्या कपड्यांत आला, रिकाम्या सीटला नमस्कार करून शेजारी बसला, हात लांबवून त्यानं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि गुरगुरत राहिलं. दुभाष्यानं किंचित भुवया उंचावल्या, एवढंच. त्यानं भाषण केलं. आज कंपनं फार सूक्ष्म आहेत, तो म्हणाला, म्हणजे ते फार जवळ आहेत. मग त्यानं प्रश्न विचारला, की ही गाडी सर्वांच्या सेवेला लागावी का? आणि तसबिरीवर हात ठेवला.

टक्.

काही झालं नाही. इंजिनाचा आवाज जरा भारी झाला आणि पुन्हा सावरला. मांजर समोर बघत राहिली.

दुभाष्यानं पुन्हा हात ठेवला. टक्. मग पुन्हा. आदर वाढत वाढत चालला. टक् टक् टक् टक्, टाइपरायटर चालावा तसा आदर झाला. त्यानं कोपरानं करून पाहिलं. भाव कमी पडतोय, सगळ्यांनी डोळे मिटा, असं त्यानं लोकांना सांगितलं. सगळ्यांनी मिटले, मावशीनं मिटले नाहीत. तेव्हा दुभाषी सीटवर बसल्या बसल्या उड्या मारू लागला. गाडी थोडीफार हलावी म्हणून तो पुढे झुकला, मागे आपटला, पुन्हा पुढे झुकला. बावीस वर्षांची गाडी नव्या रबरावर संन्याशासारखी स्थिर, आणि आत पांढऱ्या कपड्यांतला माणूस गदगदा हलतोय, असं ते दृश्य होतं. मावशीनं लोकांना डोळे उघडायला सांगितलं.

आधी गॅलरीतलं कुणीतरी हसलं. मग खालचं एक कुणी. मागच्या सीटवरून ताईचा हात पुढे आला, चाचपत तसबिरीपर्यंत पोचला आणि त्यानं ती अलगद उचलली.

"फोटो माझ्याजवळ असू दे," ताई म्हणाली.

दुभाष्याचं बोट जिथल्या तिथे राहिलं होतं. खिडकीतून वाकलेल्या शिंप्यानं ते बघितलं आणि विचारलं, की हा हिरवा दिवा कसला?

मग मावशी बोलली. तिनं एसीचं बटण सगळ्यांना दाखवलं, पंखा दाखवला. गार झुळूक तिथून येत होती. अश्रूंचं प्रकरण तिनं थोडक्यात निकालात काढलं. येताना टॉवेलात गुंडाळून आणलेली बरणी बर्फाचं पाणी भरून तिनं बोनेटवर ठेवली होती. आता ती बाहेरून ओलीचिंब होती, आणि बरणीला तर कुणी मेलेलं नव्हतं. हवेतलं पाणी गार वस्तूवर असंच जमतं, एसीच्या आतही जमतं आणि नळीतून खाली गळतं. शिंप्यानं हातातला कॅन हळूच पायामागे सरकवला. फाटका ठोकळा मावशीनं त्याच्याच हातात दिला. इंजिन थरथरतंच, ती म्हणाली, ती थरथर गाडीपर्यंत पोचू नये म्हणून मधे हा असतो.

शिंप्यानं ठोकळा उलटसुलट केला. त्याचा चेहरा उजळला, मग लाल झाला. "मी मशीनच्या पायांखाली जुन्या चपलेचे तुकडे ठेवतो," तो म्हणाला. "नाही ठेवले तर वरच्या मजल्यावरची भांडी वाजतात." तो दुभाष्याकडे वळला. "माझ्या कात्रीचं काय मग?"

कात्री त्याच संध्याकाळी इस्त्रीच्या कापडाखाली सापडली. पण तो वेगळा मुद्दा.

आज लहरी अनुकूल नाहीत, असं म्हणत दुभाषी उतरायला लागला, तेव्हा मावशीनं दार धरून ठेवलं. शस्त्रक्रियेला नकार का दिला, हे तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तो नुसता दार ढकलत राहिला, म्हणून तिनंच सांगितलं. ज्या बाईच्या जिवावर हा सगळा खेळ चालला होता, तिला दिसायला लागल्यावर समोर पहिल्यांदा तसबिरीमागचा हिरवा दिवा दिसला असता. एवढ्यासाठी या माणसानं तिला आंधळं राहायला सांगितलं. आता आवारात कुणी हसत नव्हतं. दुभाषी मान खाली घालून फाटकाबाहेर गेला आणि त्याला वाट करून देण्यासाठी सरकलेली माणसं बराच वेळ तशीच सरकून उभी होती.

मावशी त्यांच्यावर चिडलेली होती, पण आवाज चढवावा असं तिला वाटलं नाही. "आठवण आली तर रडा," ती म्हणाली. "गेलेल्या माणसाशी बोलावंसं वाटलं तर बोला, मीही बोलते. पण डॉक्टरकडे जायचं की नाही, घरातलं कुणाला काय द्यायचं, हे ठरवायची वेळ आली, की आधी बोनेट उघडून बघा. आपल्याला कळत नसेल तर ज्याला कळतं त्याला विचारा. बटण कुणाच्या हाताखाली आहे ते बघा. एवढं कुणालाही जमतं."

ताई गाडीतून उतरली. फोटो छातीशी धरून ती म्हणाली, की उद्या साडेआठला दवाखान्यात पोचायचंय, आणि गाडी धाकटीनं चालवावी. आता ती हलत नाही.

पट्टी निघाली त्या दिवशी ताईनं सगळ्यात आधी मावशीकडे बघून तिला तू फार म्हातारी दिसतेस, असं सांगितलं. घरी आल्यावर तिनं पाण्याचा ग्लास, पडद्यावरची फुलं, भिंतीवरचा डाग, जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचा सपाटा लावला. मग भावजींची वही घेऊन पहिल्या पानापासून वाचत बसली. मावशी भाजी चिरत होती, तेव्हा आतून ताईच्या संतापाचा आवाज आला.

वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, जिथे मावशीनं बघितलंच नव्हतं, भावजींच्या टोकदार अक्षरात कामांची यादी होती. एक, माउंटिंग बसवणे. दोन, वायपरचे रबर. तीन, हिच्या डोळ्यांची तारीख घेणे. चार, हॉर्न.

"वायपरच्या नंतर," ताई म्हणाली. "माझे डोळे वायपरच्या नंतर!"

मावशी हसता हसता जमिनीवर बसली. ताई रागानं बघत होती, मग तीही हसायला लागली. जे उत्तर ती गाडीकडे मागत होती ते त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं, डॅशबोर्डच्या कप्प्यात, त्या तसबिरीपासून हातभर अंतरावर. विचारायला दुभाषी लागला नसता, नुसतं वाचायचं होतं.

ताईनं पेन मागितलं. पहिल्या कामापुढे बरोबरची खूण केली, तिसऱ्यापुढे केली, आणि दोन कामं बाकी आहेत असं म्हणून हत्यारांची पेटी उचलली.